शालेय कुस्तीतील वादग्रस्त निर्णय आणि पंचांचे वर्तन : दाद नेमकी कशाबद्दल मागता येते?

न्यूजर्सीकर_बाबा (धागाकर्ता)

आमच्या मुलाच्या शाळेतील एका लढतीवरून पालकांमध्ये सध्या बरीच वादावादी चालू आहे, आणि ती आता त्या लढतीपुरती न राहता पंचांच्या हेतूंपर्यंत पोहोचली आहे. येथे कुस्तीचे जाणकार आहेत, काही जण अमेरिकेत पंच म्हणून काम करतात हेही जुन्या धाग्यांवरून आठवते, म्हणून हा विषय येथे मांडतो आहे. शाळांची आणि पंचांची नावे मी मुद्दाम देत नाही. प्रतिसादांतही कोणी ती तर्काने शोधून लिहू नयेत, ही विनंती.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. अमेरिकेतील हायस्कूल कुस्ती ही आपली मातीवरची कुस्तीही नव्हे आणि ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइलही नव्हे. तिला येथे फोकस्टाइल म्हणतात. लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि सारा भर प्रतिस्पर्ध्यावर ताबा मिळवून तो टिकवण्यावर असतो. दोन्ही खांदे किंवा खांद्यांची पाती दोन सेकंद गादीला टेकवून धरली की चितपट होते. तसे झाले नाही तर गुणांवर निकाल लागतो. नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संस्था ठरवते आणि प्रत्येक राज्याची संघटना ते राबवते. आमच्याकडे ती एनजेएसआयएए आहे. २०२४-२५ च्या हंगामापासून दोन मोठे बदल झाले. टेकडाउनला, म्हणजे उभ्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेण्याला, दोनऐवजी तीन गुण मिळू लागले, आणि दोघांपैकी कोणाच्याही शरीराचा एक जरी भाग रेषेवर किंवा रेषेच्या आत टेकलेला असला तरी कुस्ती हद्दीतच आहे, असे धरले जाऊ लागले.

आता प्रसंग सांगतो. माझा मुलगा १३२ पौंडांच्या गटात खेळतो. दोन शाळांमधील सामना होता आणि तो ७–५ असा मागे होता. तिसऱ्या फेरीचे अगदी शेवटचे सेकंद उरलेले असताना त्याने एकेरी पट काढला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय पकडून त्याला खाली आणण्याचा डाव टाकला. प्रतिस्पर्धी वर्तुळाच्या कडेकडे रेटला गेला, त्याचे दोन्ही हात आणि गुडघा रेषेबाहेर टेकले, आणि माझ्या मुलाने मागे जाऊन त्याची कंबर आवळली. त्या क्षणी मुलाच्या उजव्या पायाचा चवडा रेषेवर होता, हे एका पालकाने घेतलेल्या चित्रफितीत स्वच्छ दिसते. पंचांनी शिट्टी वाजवून दोन्ही हातांनी हद्दीबाहेरची खूण केली, गुण दिले नाहीत, दोघांना पुन्हा मध्यावर उभे केले, आणि उरलेला वेळ एका झटापटीत संपला. तीन गुण मिळाले असते तर मुलगा ८–७ ने जिंकला असता.

आमचे प्रशिक्षक तावातावाने गुणलेखकांच्या टेबलाकडे गेले आणि “तुम्हाला हे दिसले कसे नाही?” असे मोठ्याने म्हणाले. पंचांनी त्यांना गैरवर्तनाची ताकीद दिली. येथवर मी एक वेळ समजू शकतो. पण विजेत्याचा हात उंचावण्यासाठी दोन्ही मुले मध्यावर उभी असताना पंच माझ्या मुलाला म्हणाले, “रडण्याआधी कुस्ती शिकून ये.” हे वाक्य गुणलेखन करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनीही ऐकले आहे.

पालकांच्या गटाची मागणी अशी आहे की चित्रफीत राज्य संघटनेकडे पाठवावी, निकाल फिरवून घ्यावा आणि या पंचांना पुन्हा आमच्या शाळेत पाठवू नये. मला या तीन मागण्या एकाच पत्रात घालणे चुकीचे वाटते; मात्र का, ते मला नीट मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिट्टीवाला

मी पेनसिल्व्हेनियात शालेय कुस्तीचा नोंदणीकृत पंच आहे. न्यूजर्सीतील कार्यपद्धती तपशिलात वेगळी असू शकते, पण नियमपुस्तक तेच आहे.

बाबा, तुमच्या संपूर्ण लेखनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. पंचांनी गुण का दिले नाहीत, हे त्यांनी टेबलाजवळ कोणत्या शब्दांत सांगितले? “माझ्या मते शिट्टीपूर्वी ताबा प्रस्थापित झाला नव्हता” असे ते म्हणाले असतील, तर विषय तेथेच संपतो. टेकडाउनसाठी नुसते मागे जाणे पुरेसे नसते. प्रतिस्पर्ध्याला प्रतिक्रिया द्यायला मिळणारा क्षण उलटून गेल्यावरही ताबा टिकलेला असावा लागतो, आणि तो क्षण उलटला की नाही हे फक्त पंचाने ठरवायचे असते. त्यावर प्रश्न विचारणेसुद्धा प्रशिक्षकाचे गैरवर्तन ठरते. याउलट “एकच पाय आत होता, म्हणून मी बाहेर दिले” असे ते म्हणाले असतील, तर त्यांनी नियमच चुकीचा लावला आहे, आणि नियम चुकीचा लावला गेल्याची शंका प्रशिक्षकाला रीतसर मांडता येते.

ती रीत अशी आहे. प्रशिक्षकाने शांतपणे टेबलाकडे जायचे, गुणलेखकाला लढत थांबवायला सांगायचे आणि पंच आले की “नियमाच्या वापराबद्दल विचारायचे आहे” एवढेच म्हणायचे. मग पंचाने नियम सांगायचा. चूक असेल तर ती दुरुस्त होते आणि प्रशिक्षकाला कोणताही दंड होत नाही. चूक नसेल, किंवा प्रश्न मुळात नजरेबद्दलचा असेल, तर पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी संघाचा एक गुण वजा, आणि तिसऱ्या वेळी दोन गुण वजा होऊन प्रशिक्षकाची हकालपट्टी, अशी चढती शिक्षा आहे. “तुम्हाला दिसले कसे नाही” या वाक्याने तुमच्या प्रशिक्षकांनी स्वतःच हा प्रश्न नजरेच्या खात्यात टाकला.

गुणलेखक मुलांनी ऐकलेल्या वाक्याबद्दल नंतर लिहितो, कारण तो प्रकार पूर्णपणे वेगळा आहे.

रांगडा_कोल्हापुरी

परदेशातले वाद वाचताना आपल्याकडचे आठवल्याशिवाय राहत नाहीत. २०२३ साली पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरची टांग (पायात पाय अडकवून पाडण्याचा डाव) लागली की नाही, आणि लागली तर तिला चार गुण द्यावेत का, यावरून गावोगावच्या तालमींत महिनोन्महिने चर्चा चालू होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला तर याहून वाईट घडले. गादी विभागात शिवराज राक्षे याचे म्हणणे होते की दोन्ही खांदे टेकलेले नसताना पृथ्वीराज मोहोळ याला विजयी घोषित केले गेले. त्याने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने वेळ संपण्याआधीच मैदान सोडले. दोघांवरही तीन-तीन वर्षांची बंदी आली.

माझा मुद्दा असा आहे की खांदे टेकले होते की नाही, हा प्रश्न लाथेनंतर मागे पडला. दुसऱ्या दिवशीपासून बहुतेक चर्चा लाथेचीच झाली. पैलवानाचे म्हणणे खरे असण्याची शक्यता त्याने स्वतःच्याच पायाने मोडून टाकली. बाबांच्या मुलाने त्या वाक्यावर काही उत्तर दिले नसेल, तर त्याच्या वस्तादांनी त्याला चांगले वळण लावले आहे, एवढे नक्की.

जत्रेतल्या मातीवरच्या निकाली कुस्तीत गुणच नसत. पाठ लागली की नाही, एवढेच पाहायचे. तरीही भांडणे होत, कारण शेवटच्या पलटीत पाठ कोणाची आधी लागली याचे दोन बाजूंचे दोन साक्षीदार असतच.

न्यूजर्सीकर_बाबा

शिट्टीवाला, आपण विचारलेले मी आज सहायक प्रशिक्षकांकडून खात्री करून घेतले. ते मुख्य प्रशिक्षकांच्या शेजारीच उभे होते. पंचांचे शब्द असे होते : “फक्त एक पंजा आत होता, त्यामुळे ते हद्दीबाहेर आहे.” ताब्याचा उल्लेख त्यांनी केलाच नाही. मुलाने काही उत्तर दिले नाही. प्रतिस्पर्ध्याशी आणि त्याच्या प्रशिक्षकांशी हस्तांदोलन करून तो परत आला.

शिट्टीवाला

मग चित्र बदलले. हे शब्द खरे असतील तर तो जुन्या नियमाचा निर्णय आहे. जुन्या नियमात शरीराचा भार पेलणारे दोन आधारबिंदू आत असावे लागत. नव्यात एक स्पर्शबिंदू पुरतो. अनेक वर्षे एका सवयीने शिट्टी वाजवणाऱ्या पंचाच्या हाताकडून हे घडते. समर्थन म्हणून नव्हे, तर कारण कळावे म्हणून सांगतो.

कडेवरच्या त्या क्षणी पंचाला काय दिसते, तेही सांगतो. वर्तुळाचा व्यास किमान २८ फूट असतो आणि पंच एकटा असतो. सहायक पंच बहुधा स्पर्धांच्या शेवटच्या टप्प्यात मिळतो, दोन शाळांच्या सामन्यात क्वचितच. डाव कडेकडे सरकू लागला की पंचाने रेषेबाहेर जाऊन आतल्या बाजूला तोंड करून उभे राहायचे असते, म्हणजे रेषा आणि पाय एकाच नजरेत येतात. पण त्याच वेळी कंबर आवळली गेली आहे का, वरच्याचा हात मानेखालून बेकायदा गेला आहे का, आणि खालच्याचे डोके टेबलावर किंवा लाकडी जमिनीवर आपटणार नाही ना, हेही पाहायचे असते. पंचाच्या उजव्या मनगटावर हिरवी पट्टी असते, डाव्या मनगटावर लाल. घरच्या संघाचा मुलगा हिरवा, पाहुणा लाल. आणि दोघे एकमेकांत गुंतून गडगडत असताना कोणता घोटा कोणाचा हे अर्ध्या सेकंदात ओळखून तोच हात वर करायचा. तुमच्या चित्रफितीतील चवडा गॅलरीतून स्वच्छ दिसतो, कारण गॅलरी उंचावर आहे. पंच त्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याच्या बाजूला असेल, तर त्याला तो चवडा दिसलाही नसेल. मात्र येथे त्यांनी चवडा पाहिला होता आणि पाहूनही बाहेर दिले. म्हणून ही नजरेची चूक राहत नाही.

आता दुर्दैवाची बाजू. नियमाच्या वापराबद्दलची शंका तिथल्या तिथेच मांडावी लागते. त्या गादीवर पुढची कुस्ती लागली, गुणपत्रकावर पंचाची सही झाली आणि तो इमारतीतून बाहेर पडला, की निकाल गोठला. पंचाचा अधिकार तो शाळेत पाऊल ठेवतो तेव्हा सुरू होतो आणि गुणपत्रकावरील सहीने संपतो. तुमच्या प्रशिक्षकांच्या हातात साधारण एका मिनिटाची खिडकी होती. त्यांनी “नवा हद्दीचा नियम एका स्पर्शबिंदूचा आहे, कृपया तपासा” एवढे वाक्य उच्चारले असते, तर पंचांनी ते गुण बहुधा दिले असते; निदान ताब्याबद्दल स्पष्ट मत तरी द्यावे लागले असते.

मिशिगनवासी

इतके सगळे शब्दांच्या नेमकेपणावर का अवलंबून असावे, हेच मला पटत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हंगामाचे भवितव्य प्रशिक्षकाने प्रश्न कसा विचारला यावर ठरते, ही व्यवस्था पंचांच्या सोयीची आहे, मुलांच्या नव्हे. महाविद्यालयीन कुस्तीत प्रशिक्षक चित्रफितीचा पुनर्विचार मागू शकतात. आंतरराष्ट्रीय कुस्तीत कोपऱ्यातून चॅलेंजचा ठोकळा गादीवर फेकला की पंचमंडळ दृश्य पुन्हा पाहते. चॅलेंज फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, त्यामुळे उठसूट कोणी ठोकळा फेकत नाही. क्रिकेटमध्ये आपण हे सारे पाहून सरावलो आहोत. आज प्रत्येक शाळेच्या व्यायामशाळेत किमान दहा पालक मोबाइलवर चित्रण करत असतात, आणि तरीही साध्या शालेय सामन्यात निर्णय बदलण्यासाठी चित्रफीत पाहण्याची सोय नाही.

शिट्टीवाला

त्या दहा मोबाइलपैकी नऊ घरच्या संघाच्या पालकांच्या हातात असतात, ही पहिली अडचण. संध्याकाळी सहा वाजता सुरू झालेल्या सामन्यात चौदा वजनगट असतात आणि पंच एकच, ही दुसरी. राज्य पातळीवरील अंतिम लढतींसाठी ठरावीक कोनातले कॅमेरे लावून पुनर्विचार व्हावा, याला माझा पाठिंबा आहे. मंगळवार-गुरुवारच्या सामन्यांसाठी नाही. आणि या विशिष्ट प्रसंगात चित्रफितीची गरजही नव्हती, नियमपुस्तकाची होती. पंचांना तथ्य माहीत होते, त्यांनी नियम जुना लावला.

कायदेपंडित_नाही

पालकांच्या गटात कोणी न्यायालयात जाण्याची भाषा करत असेल, तर त्यांना दोन जुनी प्रकरणे वाचायला सांगा. १९८१ साली जॉर्जियात हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पंचांनी दंडाचा नियम चुकीचा लावला. खालच्या न्यायालयाने सामन्याचा उरलेला भाग पुन्हा खेळवण्याचा आदेश दिला, पण जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि फुटबॉल पंचांच्या निर्णयांचे पुनरावलोकन करण्याचा अधिकार न्यायालयांना नाही, असे ठरवले. २०१४ मध्ये ओक्लाहोमात डग्लस आणि लोकस्ट ग्रोव्ह या शाळांच्या फुटबॉलच्या बाद फेरीच्या सामन्यात पंचांनी नियम चुकीचा लावून एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) रद्द केला. राज्य संघटनेने ती चूक मान्य केली, तरी न्यायाधीशांनी सामना पुन्हा खेळवण्यास नकार दिला. म्हणजे चूक सिद्ध असली तरी निकाल फिरत नाही.

अपवाद आहे, आणि तो कुस्तीतलाच आहे, म्हणून सांगतो. २००० सालच्या अमेरिकी ऑलिंपिक निवड चाचणीत ग्रीको-रोमन प्रकारात, म्हणजे ज्यात पायांचा वापर करून डाव टाकता येत नाही अशा कुस्तीत, मॅट लिंडलँड हा कीथ सिएराकीकडून हरला. लिंडलँडचे म्हणणे असे होते की सिएराकीने पायांचा बेकायदा वापर केला. प्रकरण लवादाकडे गेले, लवादाने पुन्हा कुस्ती लावण्याचा आदेश दिला, ती लिंडलँडने ८–० अशी जिंकली, त्यानंतरही कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि अखेर सिडनीला जाऊन त्याने रौप्यपदक मिळवले. पण तेथे ऑलिंपिक संघनिवडीबद्दलचा कायदा आणि लवादाची तरतूद पाठीशी होती. दोन शाळांमधल्या साध्या सामन्याला असा कोणताही आधार नाही. न्यायालयात गेलात तर पैसे जातील, मुलाचे नाव वर्तमानपत्रात येईल, आणि हंगाम संपल्यावर तारीख मिळेल.

विदर्भातली_ताई

निकाल बाजूला ठेवून मला त्या वाक्याबद्दल बोलायचे आहे, कारण चर्चा पुन्हा-पुन्हा चवड्याकडे वळते आहे आणि पंच एका पोराला सर्वांसमोर काय बोलले, हे मागे पडते आहे.

मी दक्षिण न्यूजर्सीत राहते. १९ डिसेंबर २०१८ रोजी ब्यूना रीजनल हायस्कूलच्या एका सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय कुस्तीगिराला पंचांनी सांगितले की तुझे केस आणि त्यावरचे आच्छादन नियमात बसत नाही; केस काप, नाहीतर लढत सोड. गादीच्या कडेला उभा करून संघाच्या ट्रेनर बाईंनी कात्रीने त्याच्या जटा कापल्या. त्याची चित्रफीत देशभर फिरली. मुलगा जादा वेळेत ती कुस्ती जिंकला, पण विजयानंतरचा त्याचा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांना तो विजय आठवत नाही. पंच वजनाच्या वेळी उशिरा आले आणि केसांची तपासणी आधी व्हायला हवी होती ती झाली नाही, असे कुटुंबाच्या वकिलांनी तेव्हा म्हटले होते. त्याच पंचांनी २०१६ मध्ये एका कृष्णवर्णीय सहकारी पंचाला वांशिक शिवी दिल्याचे प्रकरणही पुढे आले.

या प्रकरणाकडे लक्षपूर्वक पाहा. कुस्तीचा निकाल कोणीही बदलून मागितला नाही. तो मुलाच्या बाजूचाच होता. तक्रार होती वर्तनाची आणि भेदभावाची, आणि ती राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीनुसार त्या पंचांना दोन हंगाम निलंबित करण्यात आले आणि राज्यातील पंचांसाठी पूर्वग्रहांबद्दलचे प्रशिक्षण ठरले. घटनेला बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, १९ डिसेंबर २०१९ रोजी, केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या क्राउन कायद्यावर न्यूजर्सीच्या राज्यपालांनी सही केली. पुढे २०२१-२२ च्या हंगामापासून एनएफएचएसने केसांच्या लांबीची अटच काढून टाकली.

आणखी एक गोष्ट मला आजही टोचते. त्या व्यायामशाळेत दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते, शाळेचे कर्मचारी होते, पालक होते. पंचाला सर्वाधिकार असतो, ही समजूत इतकी घट्ट होती की कात्री येईपर्यंत कोणी ठाम उभे राहिले नाही. म्हणून बाबांना सांगते, “रडण्याआधी शिकून ये” हे वाक्य लहान समजून सोडू नका. ब्यूनासारखे ते नाही, हे मान्यच आहे. पण पंचाच्या वागणुकीची नोंद कोठेतरी होत राहिली तरच पुढच्या वेळी कोणीतरी ती उघडून पाहते.

रांगडा_कोल्हापुरी

ताईंशी सहमत. पंचाने पैलवानाला शिकवायचे नसते. ते काम वस्तादाचे.

ओहायोचा_पालक

थोडा विरोधी सूर लावतो. एनएफएचएसच्याच आकड्यांनुसार २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सर्व खेळ मिळून सुमारे ५०,००० शालेय पंचांनी काम सोडले. प्रेक्षकांतून होणारी शिवीगाळ हे त्यामागचे एक ठळक कारण मानले जाते. आमच्या भागात कनिष्ठ संघांचे सामने पंच मिळाला नाही म्हणून पुढे ढकलले जातात. एका टोमण्यासाठी एक पंच घालवायचा आणि मग त्या जागी कोणीच नसायचे, असे होऊ नये. पंच एका संध्याकाळचे जे मानधन घेतात, त्यात गॅलरीतून दोन तास आरडाओरडा ऐकण्याची किंमत धरलेली नसते. बाबा, तुमच्या पालकांपैकी कोणी त्या संध्याकाळी पंचांना काय-काय बोलले, तेही लिहिले असते तर बरे झाले असते.

न्यूजर्सीकर_बाबा

प्रश्न रास्त आहे. आमच्या बाजूने पहिल्या कुस्तीपासून ओरड चालू होती. तिसऱ्या-चौथ्या कुस्तीत एक पालक पंचांना “चष्मा घाला” असे वारंवार म्हणत होते आणि आमच्या शाळेच्या क्रीडा संचालकांनी त्यांना दोनदा समजावले होते. ज्या पालकांनी हे केले, तेच आता पंचांच्या बंदीची मागणी सर्वांत मोठ्याने करत आहेत. तरीही, पंचांचा राग गॅलरीवर असेल तर त्यांनी सामना थांबवून त्या पालकांना बाहेर काढायला सांगायला हवे होते. त्याची वसुली माझ्या मुलाकडून करायला नको होती.

शिट्टीवाला

बरोबर. तशी तरतूदच आहे. प्रेक्षक हाताबाहेर गेला तर पंचाने यजमान शाळेच्या व्यवस्थापकाला बोलवायचे, तो माणूस बाहेर जाईपर्यंत कुस्ती थांबवायची. ते न करता मुलाला टोमणा मारणे हा पंचाचा कमकुवतपणा आहे. आमच्या स्थानिक संघटनेच्या बैठकांत आम्ही नव्या पंचांना सांगतो की हात उंचावताना “छान लढलास” याखेरीज एकही शब्द बोलायचा नाही, हरणाऱ्याशीही नाही आणि जिंकणाऱ्याशीही नाही.

ओहायोच्या पालकांना एवढेच सांगतो की तक्रार म्हणजे हकालपट्टी नव्हे. आमच्याकडे अशी तक्रार आली की बहुतेक वेळा एखादा ज्येष्ठ पंच पुढच्या दोन-तीन सामन्यांना येऊन गॅलरीत बसतो, निरीक्षण करतो आणि नंतर बोलतो. हद्दीच्या नियमाबाबत चूक झाली असेल तर त्या भागातील सगळ्याच पंचांना स्मरणपत्र जाते. तुमच्या मुलाला ते तीन गुण मिळणार नाहीत, पण फेब्रुवारीतील जिल्हा स्पर्धेत कडेवर पट काढणाऱ्या दुसऱ्या कोणाला मिळतील.

पद्धत अशी ठेवा. पत्र तुम्ही स्वतः थेट राज्य संघटनेला पाठवू नका. शाळेच्या क्रीडा संचालकांच्या सहीने, पंचांची नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणि पंचांच्या स्थानिक संघटनेकडे जाऊ द्या. दोन वेगळी पत्रे करा. एकात केवळ नियमाचा प्रश्न घाला : फेरी, उरलेला वेळ, गुणसंख्या, पंचांचे टेबलाजवळचे शब्द आणि नव्या नियमाचा आशय. त्यासोबत चित्रफीत जोडा, पण ती समाजमाध्यमांवर टाकू नका. एकदा ती तेथे गेली की वाचणारा अधिकारी बचावाच्या पवित्र्यात जातो. दुसऱ्या पत्रात फक्त वर्तन, कोणी ऐकले ते, आणि मुलाने प्रत्युत्तर दिले नाही ही नोंद. गुणलेखक विद्यार्थ्यांची नावे पत्रात घालू नका. संचालकांनी त्यांच्याशी पालकांसमोर बोलावे.

न्यूजर्सीकर_बाबा

सर्वांचे आभार. क्रीडा संचालकांना आज भेटलो आणि दोन पत्रांची कल्पना त्यांना पटली. आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी तर नियमबदलांचे पान छापून टेबलावरच्या गुणवहीत चिकटवले आहे. वर्तनाबद्दलच्या पत्राचा मसुदा येथे देतो, कृपया पाहावा :

“दिनांक अमुक रोजीच्या सामन्यात १३२ पौंड वजनगटाची लढत संपल्यानंतर, विजेत्याची घोषणा होत असताना, पंचांनी पराभूत कुस्तीगिरास उद्देशून अवमानकारक वाक्य उच्चारले. ते वाक्य टेबलाजवळील दोघांनी ऐकले आहे. लढतीचा निकाल अन्यायकारक होता, त्यामुळे मुलगा आधीच खचलेला होता. कुस्तीगिराने कोणतेही प्रत्युत्तर दिले नाही. सामन्यादरम्यान आमच्या बाजूच्या काही प्रेक्षकांचे वर्तनही अयोग्य होते आणि त्याबाबत शाळा स्वतंत्रपणे कारवाई करत आहे. सदर पंचांशी या वाक्याबद्दल चर्चा व्हावी आणि तिचा परिणाम शाळेस कळवावा, एवढीच विनंती आहे.”

शिट्टीवाला

तिसरे वाक्य काढा. निकालाचा उल्लेख या पत्रात आला की वाचणारा बाकीचे सगळे त्या चष्म्यातून वाचतो. “अवमानकारक वाक्य” असे मोघम न लिहिता ते वाक्य जसे ऐकले तसे इंग्रजीत अवतरणचिन्हांत द्या. प्रेक्षकांबद्दलचे वाक्य ठेवा. ते लिहिणारी शाळा फारशी आढळत नाही, आणि पत्र गांभीर्याने वाचले जाण्याचे ते सर्वांत मोठे कारण ठरेल. नियमाबद्दलचे पत्र मात्र याच आठवड्यात जाऊ द्या, कारण जिल्हा स्पर्धेआधीची पंचांची बैठक जवळ आली असेल.